‘माजी’वरची पट्टी

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या सभामंडपात सत्काराचा कार्यक्रम होता. जत्रा आटोपून चार दिवस झाले होते. समईच्या तेलाचा आणि सुकत चाललेल्या अबोलीच्या गजऱ्यांचा वास अजून मंडपात रेंगाळत होता, आणि उत्सवातल्या नाटकासाठी बांधलेला रंगमंच अजून सोडलेला नव्हता. फ्लेक्स दहा दिवस आधी छापून आला होता आणि मधल्या आठवड्यात शपथविधी झाला. त्यामुळं प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली ‘माजी मंत्री’ असं जे छापलं होतं, त्यातल्या पहिल्या शब्दावर कुणीतरी ड्रॉइंग पेपरची पांढरी पट्टी डकवली होती. गोंद पातळ झाला असावा. नाटकवाल्यांचे उभे पंखे रंगमंचाकडे तोंड करून फिरत होते. वारा आला की पट्टीचा डावा कोपरा सुटायचा, आतला ‘मा’ दिसायचा, पंखा पलीकडं वळला की पुन्हा झाकला जायचा. भाषणं तासभर चालली, तासभर हा खेळ चालू होता. मागच्या रांगेत दोन म्हातारे कुजबुजत होते. ‘याच्यावर ती केस होती ना रे?’ ‘होती म्हणजे? आहे.’ ‘आहे? मग?’ ‘मग काय? शाल घालतील आता. बघ.’

‘होती’ आणि ‘आहे’ यांतलं ते अंतर मनातून जाईना.

आपण ‘आजी-माजी’ हा शब्द एका दमात उच्चारतो. आजी-माजी आमदार, आजी-माजी सरपंच. मधली आडवी रेघ इतकी लहान आहे की ती ओलांडायला पाच वर्षंसुद्धा लागत नाहीत. गोव्यात तर नाहीच नाही. आमदारांनी घाऊक पक्ष बदलला तो २०१९ चा जुलै आणि २०२२ चा सप्टेंबर इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळं सत्तेवर असताना केलेल्या गैरकृत्याबद्दल माजी नेत्यांवर खटले भरावेत का, हा जगभर चाललेला वाद इथं आला की त्याची बैठकच बदलते. तिकडं प्रश्न असा असतो की खुर्चीवरून उतरलेल्या माणसाला कोर्टात उभं करणं म्हणजे न्याय की सूड. इकडं मुळात तो उतरलाय का, आणि उतरला असेल तर किती दिवसांसाठी, तिथूनच सुरुवात करावी लागते.

मंत्र्याचा गुन्हा दिसतो कसा, ते आधी जवळून पाहायला हवं. सरकारी फाईल उघडली की डाव्या बाजूला टिपणांचे हिरवट कागद असतात आणि उजव्या बाजूला पत्रव्यवहार. टिपण खालून वर चढतं: कारकून, अधीक्षक, अवर सचिव, सचिव, मंत्री. प्रत्येकजण आधीच्याच्या खाली लिहितो, सही करतो, तारीख टाकतो. नियमात बसत नाही असं कारकुनानं साध्या शब्दांत लिहिलेलं असतं, सचिवानं ते जरा मऊ केलेलं असतं, आणि मग वरून फाईल परत येते ती एकाच शब्दाचा शेरा घेऊन: ‘बोला’. या एका शब्दानंतर काय बोलणं झालं ते कागदावर कधीच येत नाही. दोन दिवसांनी त्याच अधिकाऱ्याचं नवं टिपण येतं, ‘चर्चेनुसार पुनर्विचार केला असता…’ आणि नियमात न बसणारं बसू लागतं. तोंडी आदेश मिळाला तर तो लेखी करून घ्यावा, असं भारतीय प्रशासन सेवेच्या आचारनियमांतच आहे. पण वरिष्ठाकडं ‘साहेब, हे जरा लिहून द्या’ म्हणणारा अधिकारी पुढच्या बदलीची पिशवी भरून ठेवूनच ते म्हणतो. तपासणाऱ्याला पुढं खाडाखोड शोधायची असते: पानांचे आकडे खोडून पुन्हा घातलेत का, मधलंच पान नव्या कागदाचं आहे का, आवक-जावक वहीत फाईल मंत्र्यांच्या कार्यालयात गेल्याची नोंद आणि सहीची तारीख जुळते का. तारीख आणि वही जुळत नाहीत तिथं गाठ सापडते. मात्र त्यासाठी मूळ फाईल हवी. झेरॉक्स पुराव्यात आणायची तर मूळ कुठं गेली हे आधी सिद्ध करावं लागतं. शिवाय सरकारदरबारी प्रत्येक प्रकारच्या कागदाला ठरलेलं आयुष्य असतं. ते संपायच्या आत कुणी ‘हे जपून ठेवा’ असं पत्र दिलं नाही, तर फाईल नियमानुसार रद्दीत जाते, कुणाचाही दोष न लागता.

गोव्यातलंच उदाहरण घ्यायचं तर वीज सवलतीचं. ३० सप्टेंबर १९९१ च्या अधिसूचनेनं उद्योगांना वीजदरात २५ टक्के सूट दिली. ३१ मार्च १९९५ ला ती मागं घेतली. मग १५ मे आणि १ ऑगस्ट १९९६ ला आणखी दोन अधिसूचना निघाल्या आणि मिटलेली सवलत मागच्या दारानं पुन्हा उघडली. सरकारच्या कामकाज नियमांनुसार तिजोरीवर भार टाकणाऱ्या गोष्टीला अर्थखात्याची संमती लागते, ती घेतलेली नव्हती. दोन्ही अधिसूचना उच्च न्यायालयानं रद्द ठरवल्या आणि २०१० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. वसुलीसाठी विधानसभेला २००२ मध्ये वेगळा कायदाच करावा लागला होता. ही झाली दिवाणी बाजू, अधिसूचनांची. फौजदारी तक्रार १९९८ ची. ती तेव्हाच्या विरोधी आमदारानं केलेली. आरोपी वरच्या कोर्टात गेले, खालचा खटला थांबला, आणि खटला चालवा असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते जानेवारी २०१८ मध्ये. वीस वर्षं. त्या दिवशी तक्रारदार गोव्याचे मुख्यमंत्री होते आणि आरोपी त्यांच्याच मंत्रिमंडळात. आरोप खरे की खोटे हे कोर्टानं ठरवायचं. इथं फक्त तारखा पाहाव्यात. या वीस वर्षांत माणसं विरोधक होऊन आली, सत्ताधारी झाली, एकमेकांच्या शेजारी बसली. ज्या कारकुनानं १९९६ मध्ये टिपण लिहिलं असेल, तो बहुधा एव्हाना पेन्शनीत गेलेला. साक्षीला बोलावलं तर चष्मा पुसून ‘सही माझी आहे, बाकी आठवत नाही’ एवढंच म्हणेल, आणि त्यात खोटं काहीच नसेल.

याच्या शेजारी तलाठ्याचा सापळा ठेवून बघा. पाच हजार मागणाऱ्या माणसाला पकडायची पद्धत ठरलेली आहे. तक्रारदाराच्या नोटांचे क्रमांक लिहून घेतात, नोटांवर फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड चोळतात, दोन पंच सोबत देतात. (गोव्यात पंच म्हटलं की लोकांना आधी पंचायतीचा सदस्य आठवतो. हे पंच वेगळे, बहुधा दुसऱ्या खात्यातले बिचारे कर्मचारी.) नोटा हातात आल्या, इशारा झाला, की पेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी करून त्यात त्याची बोटं बुडवतात. पाणी गुलाबी होतं. ते बाटलीत भरून, लाखेचं सील मारून, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. दिवसांनी रंग उडतो, म्हणून प्रयोगशाळेचा कागद महत्त्वाचा. संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

मंत्र्याच्या बोटांना कधी पूड लागत नाही.

आणि कायद्यानं हा फरक आणखी रुंद केला. २०१८ च्या जुलैत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ आलं. पदावर असताना केलेल्या ‘शिफारशी’ किंवा घेतलेल्या ‘निर्णया’बद्दल साधी चौकशीसुद्धा पोलिसांनी वरच्या मान्यतेशिवाय करायची नाही. मान्यतेला मुदत तीन महिने, वाढवून आणखी एक. अपवाद एकच: लाच घेताना जागेवर पकडलेला. म्हणजे गुलाबी पाण्याला मान्यता लागत नाही, हिरव्या कागदाला लागते. शिवाय कलम १९ मध्ये खटला भरण्यापूर्वीची मंजुरी वेगळी. ती पूर्वी पदावर असलेल्यांपुरती होती. अंतुले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सांगितलं होतं की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटलं असेल तर मंजुरी नको. २००६ मध्ये बादल प्रकरणात तेच पुन्हा झालं. या दोन निकालांमुळं ‘माजी’ या शब्दाला कायद्यात एक धार होती. खुर्ची गेली की कवच गेलं. २०१८ च्या दुरुस्तीनं ते कवच माजींनाही दिलं. त्याच दुरुस्तीत खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढ धरून चार वर्षांच्या पुढं जाऊ नये, असंही लिहिलंय. कवचाचा भाग अमलात आणायला कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. मुदतीचं काय होतं ते जिल्हा न्यायालयातल्या कुठल्याही शिरस्तेदाराला विचारावं.

मंजुरी द्यायची कुणी, यात खरी मेख आहे. मंत्र्याच्या बाबतीत कागद राज्यपालांकडं जातो, आणि राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याच्या शेजारच्या खुर्च्यांनी सल्ला द्यायचा. मध्य प्रदेशातल्या दोन माजी मंत्र्यांच्या प्रकरणात असंच झालं. लोकायुक्ताकडं पुरावा असताना मंत्रिमंडळानं नाही म्हटलं, राज्यपालांनी स्वतःच्या अधिकारात हो म्हटलं, आणि २००४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यपालांचं बरोबर ठरवलं. हा निकाल फारसा कुणाच्या तोंडी नाही. असायला हवा.

लोकायुक्ताचं गोव्यात काय झालं ते तर आपल्या डोळ्यांसमोरच. कायदा २०११ चा. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी २०१३ मध्ये आले आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन गेले. पुढं न्यायमूर्ती प्रफुल्ल कुमार मिश्रा जवळपास साडेचार वर्षं बसले. सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त होताना त्यांनी जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा की आपण एकवीस अहवाल दिले, एकावरही कारवाई झाली नाही, त्यापेक्षा ही संस्था मोडून टाका. त्यांतला एक अहवाल खाणींचा होता, माजी मुख्यमंत्र्यांसह तिघांवर ठपका ठेवणारा. ८८ लीजांच्या नूतनीकरणाची ती गोष्ट. १२ जानेवारी २०१५ ला केंद्राचा वटहुकूम आला, ज्यानं लीज देण्याची पद्धत लिलावाकडं वळवली, आणि त्याच एका दिवशी गोव्यात ३१ लीजांचं नूतनीकरण झालं. एका दिवसात एकतीस फाईली! ज्यानं सरकारी कचेरीत रहिवासी दाखल्यासाठी तीन फेऱ्या मारल्यात, त्यानं हा वेग मनात करून पाहावा. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ ला सगळीच्या सगळी ८८ रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. शिक्षा कुणाला झाली? उसगाव, साखळी, डिचोली, सावर्डे या पट्ट्यात फिरलं तर दारात उभे राहून गंजलेले ट्रक तेव्हा दिसायचे. टायर बसलेले, हौद्यात पावसाचं लाल पाणी, त्यात डासांची अंडी. बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नव्हता. निर्णय चुकीचा ठरला तेव्हा निर्णय घेणाऱ्याकडून काही गेलं नाही, निर्णयावर पोट भरणाऱ्याचं गेलं. खटल्याच्या बाजूचा माझ्या लेखी सगळ्यात सबळ मुद्दा हाच, आणि तो कायद्याच्या पुस्तकातला नाही.

दुसरी बाजू मात्र सहज झटकण्यासारखी नाही. मडगावात आबादे फारिया रस्त्यावर एक जुनं घर आहे. त्या घराण्यातले आंतोनियो कोस्ता, आपल्याकडचे ‘बाबुश’, पोर्तुगालचे पंतप्रधान असताना ७ नोव्हेंबर २०२३ ला पायउतार झाले, कारण सरकारी वकिलांच्या पत्रकात त्यांच्याविषयीच्या चौकशीचा उल्लेख होता. काही दिवसांतच उघड झालं की टेलिफोनवरच्या एका संभाषणाच्या लेखी प्रतीत गोंधळ झाला होता. तिथं बोलण्यात आलेलं नाव अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री आंतोनियो कोस्ता सिल्वा यांचं होतं. ‘सिल्वा’ गळला. सगळं प्रकरण काही त्या एका शब्दावर उभं नव्हतं, पण सरकार गेलं, मार्च २०२४ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. पुढं डिसेंबरात ते युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष झाले, म्हणून या गोष्टीचा शेवट निदान त्यांच्यापुरता गोड. सगळ्यांना ब्रुसेल्स मिळत नाही. आपल्याकडं कोळसा प्रकरणात केंद्राच्या एका माजी सचिवांना २०१७ मध्ये शिक्षा झाली. पैसे घेतल्याचा आरोपच त्यांच्यावर नव्हता, आणि त्यांच्या सचोटीबद्दल सहकारी जाहीर ग्वाही देत होते. ‘सार्वजनिक हिताविना दुसऱ्याला लाभ करून दिला’ एवढं कलम पुरलं. ते कलम २०१८ मध्ये काढलं, आणि ते काढण्याला विरोध करताना जीभ जरा अडखळते. चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय कागदावर सारखेच दिसतात. सही तीच, शाई तीच. १७-अ आणणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं की ही भीती असली तर कुणी अधिकारी पेनाचं टोपणच काढणार नाही. आंध्रात चंद्राबाबू नायडूंना सप्टेंबर २०२३ मध्ये अटक झाली तेव्हा ते माजी मुख्यमंत्री होते. कलम त्यांना लागू होतं की नाही यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश जानेवारी २०२४ मध्ये दोन बाजूंना गेले. जूनमध्ये नायडू पुन्हा मुख्यमंत्री. अटक सूड होती की तपास, हे त्यानंतर कोण निवांतपणे तपासणार?

तरीही भीती आणि ढिलाई यांची गल्लत होते. चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय वेगळा ओळखायचा तर पैशाचा माग लागतो, आणि तो माग ताजा असतानाच लागतो. लुई बर्जर प्रकरण आठवून पाहा. न्यू जर्सीच्या कंपनीनं २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यापुढं कबूल केलं की कामं मिळवायला चार देशांत लाच दिली, त्यांत भारत होता, आणि गोव्याच्या पाणीपुरवठा प्रकल्पाचा आकडा डॉलरपर्यंत मोजून लिहिलेला होता: ९,७६,६३०. कंपनीनं १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरला. तिच्याकडून भारताचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला जुलै २०१६ मध्ये एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली. देणारा वर्षभरात मोकळा झाला, शिक्षेतून आणि प्रकरणातूनही. घेणारा कोण, हे मात्र तिकडच्या कबुलीवरून इकडं सिद्ध होत नाही. आपल्या कोर्टात साक्षीदार आपल्या न्यायाधीशापुढं उभा राहावा लागतो, कागद रीतसर विनंतीपत्रानं मागवावे लागतात, दोन सरकारांच्या टपालातून ते फिरतात, आणि माफीचा साक्षीदार उलटतपासणीत टिकावा लागतो. एका माजी मुख्यमंत्र्यांचं आणि एका माजी मंत्र्यांचं नाव त्या वर्षी प्रत्येक चहाच्या टपरीवर होतं. मंत्र्यांना ऑगस्टमध्ये अटकही झाली. आता त्या टपरीवर विचारलं तर ‘ती केस होती ना’ असंच उत्तर येईल.

खटला भरावाच, पण तो माणसावर भरण्याआधी फाईलवर भरावा, असं माझं मत होत गेलंय. तक्रार आली त्या दिवशी मूळ फाईल, आवक-जावक वही आणि संगणकातली नोंद सीलबंद करून न्यायालयाच्या ताब्यात गेली, तर पुढं मंजुरीला चार महिने लागोत की चौदा, पुरावा शिळा होत नाही. मंजुरीचा निर्णय शेजारच्या खुर्चीकडं ठेवायचा नाही. आणि मुदत संपली की मंजुरी मिळाली असं धरायचं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत १२० दिवसांनंतर असंच धरतात, मग भ्रष्टाचाराच्या कायद्यात तेच लिहायला हात का आखडला? एक दार तर सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केलंच आहे: आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय सरकारला मागं घेता येत नाहीत. पक्ष बदलला की केस विरघळायची, ती आता निदान पर्वरीच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन विरघळावी लागेल. यातून उद्या कुणी तुरुंगात जाईल असं नाही. अंतुले शेवटी सुटले, नरसिंह राव शिक्षा लागून वरच्या कोर्टात सुटले, जयललितांच्या प्रकरणातला अखेरचा निकाल आला तेव्हा त्या जाऊन दोन महिने झाले होते. पण सुटणं हासुद्धा निकाल असतो, ‘आहे’चा ‘होती’ करण्याचा सरळ रस्ता. सत्काराला आलेल्या माणसालाही तो हवा असेलच की. मागच्या रांगेतली कुजबुज रंगमंचावर ऐकू येत नाही असं थोडंच आहे.

कार्यक्रम संपला. शाल, श्रीफळ, चांदीची समई. गाड्या गेल्या, धूळ बसली, मंडपवाला पोरगा शिडी लावून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला वर चढला. पट्टीचा कोपरा तोवर पुरता सुटून लोंबत होता. देवस्थानच्या समितीतले एक वयस्कर गृहस्थ खाली खुर्च्या मोजत उभे होते. पोरानं वरूनच विचारलं, ‘काका, ही काढू की पुन्हा चिकटवू? फ्लेक्स पालखीला परत लागणार म्हणाला होता.’

काकांनी बोट बाविसाव्या खुर्चीवर ठेवलं, आकडा विसरू नये म्हणून, आणि मान वर केली.

‘असू दे तशीच. खातेवाटप व्हायचंय अजून.’